प्रतिपिंड

आमच्या विभागात फ्रीजला फ्रीज म्हणायची सोय नव्हती. शीतकपाट म्हणायचं. मायक्रोस्कोप म्हणजे सूक्ष्मदर्शी, स्लाइड म्हणजे काचपट्टी, आणि लोडशेडिंगला सरांनी स्वतःच ‘वीजउपास’ असा शब्द काढला होता. मी नवीन लागले त्या दिवशी त्यांना विचारलं, “सर, स्टाफरूम कुठे आहे?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अध्यापिकाबाई, आपल्याकडे स्टाफरूम नाही. अध्यापक कक्ष आहे. तो दाखवू का?” पुढे इतकी वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, पण मी शेवटपर्यंत अध्यापिकाबाईच राहिले. सुरुवातीला डोकं फिरायचं माझं. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, तर वाईट वाटतं.

चंद्रपुरात प्राणिशास्त्र शिकवणं म्हणजे अर्धा वेळ राख पुसणं. वीजकेंद्राची राख खिडक्या बंद केल्या तरी आत यायची, टेबलावर बसायची, सूक्ष्मदर्शीच्या भिंगावर बसायची. सर रोज सकाळी येऊन मऊ मलमलीने ती भिंगं स्वतः पुसायचे. शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत, मला तर मुळीच नाही. पुसताना त्यांचा चेहरा एखाद्या तान्ह्या पोराचं नाक पुसावं तसा व्हायचा. पोर मात्र त्यांना नव्हतं आणि लग्नही नव्हतं. कोणी छेडलं तर म्हणायचे, “राहून गेलं.” एवढंच.

ते मूळचे बल्लारपूरचे. वडील कागद कारखान्यात कामाला. पोरगं हुशार निघालं, दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात संशोधनाला गेलं, पेशीच्या केंद्रकावर काम करून डॉक्टर झालं, आणि सगळे नको म्हणत असताना परत आलं. का आलात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. त्यांची आई दर सुट्टीत विचारायची, तू तिथी काय करतं रे बाप्पा? आणि यांना सांगता यायचं नाही. सगळे शब्द इंग्रजीतले. आई वारली तेव्हा ती शेजारणींना सांगून गेली होती की माझा पोरगा औषधाच्या दुकानात आहे. “आईला मी काय करतो ते न कळताच ती गेली,” सर म्हणाले. “चूक तिची नव्हती. माझ्याजवळ शब्द नव्हते.”

मग शब्द जमवायचा जो नाद लागला तो लागलाच. वर्गात कोणी ‘न्यूक्लिअस’ म्हटलं की सर कानावर हात ठेवायचे. पोरं बिचारी परीक्षा इंग्रजीत द्यायची, त्यामुळे घरी जाऊन सगळं पुन्हा उलटं पाठ करायची. प्राचार्यांकडे तक्रारी जायच्या. सर प्राचार्यांनाही ऐकवायचे, की बाजारातला माणूस ज्या भाषेत भाव करतो त्या भाषेत त्याला त्याच्या पोटातलं कळलं पाहिजे. बोलणं खरं होतं. फक्त बाजारातला माणूस ‘केंद्रकपटल’ असं कधी म्हणत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी एकदा सांगून पाहिलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शिकवायचे मात्र असं, की काय सांगू. पेशीच्या आत केंद्रक असतं, शरीराच्या सगळ्या सूचना त्यात, आणि त्याच्याभोवती दुहेरी पातळ पडदा असतो. हा पडदा, म्हणजेच केंद्रकपटल, शिकवायला सर स्वतःच्या डब्यातली भाकरी वर्गात आणायचे. तिचा पापुद्रा अलगद सोडवून दाखवायचे. “हा वरचा, हा खालचा, मधे वाफ. आता या पापुद्र्याला आतून कोणीतरी धरून ठेवलं नाही तर काय होईल?” पोरं म्हणायची, फाटेल. “फाटेल!” सर ओरडायचे. “म्हणून आतून धरून ठेवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचं नाव एमेरिन.” या एका नावाला त्यांना मराठी शब्द सापडला नव्हता. तो सल त्यांना कायम होता. शिकवून झालं की भाकरी ते तिथेच उभ्याने खाऊन टाकायचे.

कुठेही बसले की गोल काढायचे. बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर गोल, कोणाच्या स्कूटरच्या सीटवरल्या राखेत गोल. एक रेघ, तिच्या आत दुसरी रेघ, मधे मधे दारं सोडलेली. गाडीवाला ओरडायचा, तर सर म्हणायचे, “पुसू नका, बरोबर आलंय.”

आता ज्याच्यामुळे हे लिहायला घेतलं त्या शब्दाकडे येते. अँटिबॉडी. शाळेच्या पुस्तकातही तिला प्रतिपिंड म्हणतात, त्यात सरांचं काही नवल नाही. पण पुस्तकात ते प्रतिपिंड, आणि सरांच्या तोंडी तो प्रतिपिंड. मी व्याकरण काढलं की म्हणायचे, “एवढं काम करतो, त्याला ‘ते’ काय म्हणता?” हा प्रतिपिंड एका ठरावीक प्रथिनालाच ओळखतो. पेशींवर त्याचा थेंब टाकला की जिथे ते प्रथिन असेल तिथेच जाऊन बसतो, बाकी कशाकडे बघतही नाही. मग त्यावर रंग चढवला की ती जागा तपकिरी दिसते. एमेरिनचा प्रतिपिंड टाकला तर केंद्रकाच्या भोवती तपकिरी कडा उमटते. कडा आली, म्हणजे प्रथिन आहे. नाही आली, म्हणजे नाही. या जाऊन बसण्याला सरांनी फार विचार करून क्रियापद निवडलं होतं. चिकटतो म्हणायचं नाही, चिकटतो तो डिंक. लागतो म्हणायचं नाही, लागतो तो मार. प्रतिपिंड शिवतो. आपला असेल त्यालाच शिवतो. हे क्रियापद सुचलं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या अध्यापक कक्षाला समोसे खिलवले होते.

दर हिवाळ्यात सर गोंडपिपरीकडच्या एका गावात तलावावर जायचे, प्रयोगशाळेसाठी मासे, गोगलगायी, खेकडे आणायला. मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती होती तिथे. त्या वर्षी मीही गेले होते. जाळी टाकणं चाललं होतं आणि एक तरणा पोरगा काठावर बसून नुसता बघत होता. नाव मुरली. आम्ही येताना तो उठला आणि मला आधी गंमत वाटली, कारण मान वळवायची तर तो सगळा देहच वळवायचा. टाचा न टेकता चवड्यांवर चालायचा. मान अशी ताठ म्हणून गाव त्याला ‘नवरदेव’ म्हणायचं. हाताचे कोपर पुरते सरळ होत नव्हते, म्हणून जाळं फेकता येत नव्हतं.

सरांनी गोगलगायींची बादली खाली ठेवली आणि त्याचा कोपर हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग नाडी धरली. पोरगा हसायला लागला, “काय पाहून राह्यले सर?” सर हसले नाहीत.

त्याची माय पार्बताबाई तिथेच मासोळ्या निवडत होती. नवरा लवकरच गेला होता, लोकांच्या घरची कामं करून तिने पोरं वाढवली होती. सरांनी विचारलं, घरात अजून कोणाचे हात असे होते का?

“होते ना जी. माह्या भावाचे होते. थो बांधावर बसल्या बसल्या गेला. आन माह्या थोरल्याचे होते.”

“थोरला कुठे आहे?”

“थोरला याच तलावात बुडाला म्हनतात.” तिने हातातली मासोळी टोपलीत टाकली. “पोहनारं पोरगं सर. गुडघाभर पानी होतं तिथी. गुडघाभर पान्यात कसं बुडंन मानूस?”

परतताना सर एसटीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, बादलीतले खेकडे सांडले म्हणून चिडले. चंद्रपूर जवळ आल्यावर म्हणाले, “तो बुडाला नाही, अध्यापिकाबाई. त्याचं हृदय थांबलं.” आणि मग सांगितलं. ज्यांच्यात एमेरिन नसतं त्यांचे कोपर आखडतात, टाचा वर राहतात, मान ताठते. तेवढ्याने कोणी मरत नाही. पण आत हृदयाच्या ठोक्याची वाट हळूहळू बंद होत जाते आणि एक दिवस चालता-बोलता माणूस खाली पडतो. औषध नाही. पण वेळेत पेसमेकर बसवला तर माणूस जगतो. सरांनी अर्थात पेसमेकर म्हटलं नाही. हृदयाचं यंत्र म्हणाले.

खात्री करायला प्रतिपिंड हवा होता. जुन्या प्रयोगशाळेतल्या मित्राला त्यांनी पत्र टाकलं, आणि बऱ्याच दिवसांनी एक चिमुकली कुपी दक्षिणेच्या गाडीने, कोणा प्रवाशाच्या थर्मासमध्ये, बर्फात बसून बल्लारपूरला उतरली. सर स्टेशनवर सकाळपासून उभे होते. थर्मासवाल्या गृहस्थाला त्यांनी मिठी मारली, असं तो नंतर प्राचार्यांना भेटला तेव्हा जरा घाबरूनच सांगत होता.

कुपी शीतकपाटात गेली आणि आमचे हाल सुरू झाले. त्यात इतिहासाच्या सरांचं दही असायचं, ते बेघर झालं. वीजउपास सुरू झाला की सर स्कूटर काढून मच्छी बाजारात जायचे आणि बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणायचे. वर्गात शिकवता शिकवता पंखा थांबला की खडू ठेवून निघायचे. पोरं टाळ्या वाजवायची. बर्फवाला ओळखीचा झाला होता, विचारायचा, “सर, कोनती मासोळी ठेवली आहे एवढी जपून?” सर त्यालाही केंद्रकपटल समजावत बसायचे. मला तेव्हा हसू यायचं. पण त्या माणसाने एका अनोळखी पोराच्या जिवासाठी अंगावर बर्फाचं पाणी गळत किती फेऱ्या मारल्या, ते आता आठवतं.

तपासणीला रक्तही काढायचं नव्हतं. गालाच्या आतून लाकडी पट्टीने जरासं खरवडलं की पेशी येतात. आम्ही पुन्हा गावात गेलो. मुरली पट्टी पाहून मागे सरला. तेव्हा पार्बताबाईच पुढे आली, “पयले माह्या काढा. पाय रे, काई नाई होत.” तिने तोंड उघडलं, सरांनी तिच्या पेशी घेतल्या. मग पोराने तोंड उघडलं. अशा तिच्या पेशीही आमच्याकडे आल्या.

तुलनेसाठी माझ्या घेतल्या होत्या. माझ्या पेशींना सुरेख तपकिरी कडा आल्या, प्रत्येक केंद्रकाला एक. मी खूश झाले, कोणालाही स्वतःचं काही सुंदर निघालं की होतो तसा आनंद. मुरलीच्या काचपट्टीवर कुठेच कडा नव्हती. नुसती फिकट केंद्रकं. मग सरांनी पार्बताबाईची काचपट्टी लावली आणि फार वेळ पाहत राहिले. मला बोलावलं. तिच्या काही पेशींना कडा होती आणि काहींना नव्हती. शेजारी शेजारी, एक कडेची, एक बिनकडेची.

मला कळलं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. तिच्यात निम्मं असतं म्हणून तिला स्वतःला फारसं काही होत नाही.

सरांनी चष्मा काढला. इतकी वर्षं ज्या प्रथिनाचं नाव घेत होते ते पहिल्यांदा एका माणसात नसलेलं पाहिलं होतं त्यांनी. आनंद झालाच असणार, मी चेहऱ्यावर पाहिला तो, क्षणभर. मग तो गेला. “हे बाईंना सांगायचं नाही,” ते म्हणाले. “भाऊ गेला, नवरा गेला, थोरला गेला. गाव तिला आधीच पांढऱ्या पायाची म्हणतं. त्यात आम्ही जाऊन म्हणायचं, की बाई, हे तुझ्यातूनच आलं? नाही. पोराला काय झालंय आणि काय करायचं, तेवढं सांगू.”

मला ते पटलं होतं. आजही कोणी मला विचारलं की सर कसे होते, तर मी आधी हेच सांगते.

नागपूरच्या डॉक्टरांशी बोलून सरांनी दिवस ठरवला, सगळी व्यवस्था लावली. मग आम्ही सांगायला गेलो. पार्बताबाई अंगणात जाळं दुरुस्त करत होती. मुरली तलावावर होता. सरांनी वाक्य जुळवून आणलं होतं, एसटीत ओठ हलताना मी पाहिले होते. ते तिच्यासमोर खाली बसले आणि अगदी हळू, एकेक शब्द सोडवून म्हणाले,

“बाई, प्रतिपिंड शिवला नाही. सगळ्यांचा शिवतो. त्याचा नाही शिवला. म्हणून मुरलीच्या जिवाला धोका आहे.”

ती जाळ्यावरचे हात थांबवून ऐकत होती. रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती रडली नाही. मान हलवून म्हणाली, “मले वाटतच होतं जी.”

सरांना केवढा धीर आला! ते पुढे म्हणाले, “पण उपाय आहे. हृदयापाशी यंत्र बसवून घ्यावं लागेल. यंत्र बसलं की भीती नाही.”

“यंत्र नागपूरलेच भेटते का जी?”

“तिथेच चांगलं मिळतं. सोमवारी त्याला घेऊन चंद्रपूरच्या स्टेशनवर या. मी सोबत येतो.”

“आन त्याच्या आधी राह्यलेलं सारं करून घेतो जी.”

“घ्या ना. घरचं उरकून घ्या. फक्त उशीर नको.”

तिने हात जोडले. परतताना सर एसटीत खिडकीशी बसून जवळजवळ गात होते. “पाहिलंत? शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण आपल्या भाषेत सांगितलं तर कसं झटकन कळतं!” माझ्या जवळच्या सीटवर राख होती, तिच्यावर त्यांनी गोल काढला.

सोमवारी ते आले नाहीत. सर स्टेशनवर गाड्या येताना-जाताना पाहत राहिले. परत आले ते संतापून. “भित्रे लोक,” म्हणाले, “समजतं, पण करत नाहीत.” चार-सहा दिवस निरोपाची वाट पाहिली, मग एका सकाळी मला म्हणाले, चला.

वस्तीच्या तोंडाशीच माणसं बसलेली दिसली. पुरुषांच्या डोक्यावर दुपट्टे नव्हते. अंगणात मुरलीला घोंगडीवर ठेवलं होतं. पहाटे बोडीकडे, गावामागच्या लहान तळ्याकडे, जायला निघाला आणि दारातच पडला होता. त्याच्या उघड्या छातीवर, बरोबर डाव्या बाजूला, लाल दोऱ्यात बांधलेला तांब्याचा चौकोनी पत्रा होता, त्याच्यावर त्रिकोण आणि अक्षरं कोरलेली. नवं कोरं यंत्र, अजून चकाकत होतं.

पार्बताबाईने सरांना पाहिलं आणि ती उठून त्यांच्याकडे आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“सर, तुमी सांगतलं तसं सारं केलं जी. मार्कंड्याले नदीवर जाऊन थोरल्याचा परतपिंड केला. या खेपेले लगेच शिवला सर, आमी पाहालं ना. यंत्र तिथीच महाराजापाशी भेटलं, मंग नागपूरले जाचं काम पडलं नाई, याच्या छातीवर बसोवलं. काई राह्यलं नाई. मंग काऊन गेला जी माहा पोरगा?”

सर तिथेच मातीत बसले.

तिची लग्न झालेली पोरगी मंदा शेजारच्या गावाहून आली होती. तिने मला बाजूला बसून सांगितलं. थोरला गेला तेव्हा दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. उन्हं चढली, सगळ्यांनी नाही नाही ती वचनं दिली, तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आले. तेव्हापासून मायच्या मनात ते होतं, की थोरल्याचं काही राहिलं आहे. “आन तुमच्या सरांनी येऊन तेच सांगतलं ना बाई,” मंदा म्हणाली. “माय म्हने, एवढ्या दूर शहरात राहून त्याहीले कसं समजलं?”

इतकी वर्षं आम्ही वर्गात शब्दांवरून वाद घातले, पण ही साधी गोष्ट त्या दिवशी मला कळली. सर ज्याला आपली भाषा म्हणत होते ते सगळे संस्कृत शब्द होते, आणि या अंगणात संस्कृत शब्द फक्त एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात, दहाव्याला बसलेल्या महाराजाच्या. पिंड, यंत्र; आणि ‘शिवणं’ तर तिथे कावळ्याचंच. एक इंग्रजी शब्द वापरला असता तर बाईने विचारलं असतं, म्हणजे काय जी? तिला एकही शब्द अडला नाही म्हणून तिने विचारलं नाही. तिला सगळं समजलं होतं, आणि दुसरंच समजलं होतं.

सर मातीत बसले ते उठेनात. मर्तिकाला निघायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी छातीवरचं यंत्र सोडवायला लागलं. “राहू द्या,” पार्बताबाई म्हणाली. “सरांनी सांगतलं होतं.” तेव्हा सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना हाताला धरून एसटीपर्यंत आणलं.

पुढच्या आठवड्यात ते वर्गात गेले. मी शेजारच्या खोलीत होते, मधली भिंत पातळ. सर म्हणाले, “आज आपण अँटिबॉडी पाहू.” कोणीतरी हसलं, मग सगळा वर्ग हसला आणि टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, प्राचार्यांनी अखेर दम भरला. सर थांबले, हसणं संपू दिलं, आणि पुढे म्हणाले, “अँटिबॉडी बाइंड्स टु द प्रोटीन.” इंग्रजी त्यांचं उत्तम होतं.

त्यानंतर त्यांनी मला अध्यापिकाबाई म्हणणं तेवढं सोडलं नाही. बाकी सगळे शब्द गेले. फ्रीजला फ्रीज म्हणू लागले. भाकरी वर्गात नेली नाही. निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत ते गेले, साध्या तापाने, बल्लारपूरच्या घरात एकटेच. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ते कशाने खचले हे कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं. लोक म्हणायचे, विक्षिप्तच होते, एकटा माणूस असा होतोच. मी वाद घातला नाही.

पण ते असे खचून बसले होते त्या काळातही एकदा उठले होते, ते सांगायचं आहे.

मंदाला एक मुलगा होता, पाच-सहा वर्षांचा. आईत जे निम्मं होतं ते पोरीत उतरलेलं असू शकतं आणि पोरीतून या पोरात. कुपीत अजून थोडा प्रतिपिंड शिल्लक होता, पण रोजच्या लोडशेडिंगमध्ये तो किती दिवस टिकणार? सर फ्रीज उघडून बघायचे आणि बंद करायचे. पोराची तपासणी करायची तर पार्बताबाईला कारण सांगावं लागणार, आणि कारण ती स्वतःच होती. असे कितीतरी आठवडे गेले. मग एक दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “मला एकट्याला जमणार नाही,” म्हणाले. “तुम्ही नुसत्या शेजारी बसा.”

निकाल आधीच सांगून टाकते, उगीच कोणाला टांगून ठेवत नाही. पोराच्या पेशींना कडा आल्या, एकूण एक केंद्रकाला, माझ्या होत्या तशाच गडद. पोरगा धडधाकट आहे, आता कोळशाच्या खाणीत कामाला लागलाय.

तर आम्ही गेलो. पार्बताबाई बारीक झाली होती. दारात बसून सुकट निवडत होती. मंदा माहेरी आली होती, तिचा पोरगा अंगणात काडीने कोंबडी हाकत होता. सर तिच्यासमोर खाली बसले. या वेळी त्यांनी वाक्य जुळवून आणलं नव्हतं. त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा बल्लारपूरची बोली ऐकली, त्यांच्या आईची असावी तशी.

“बाई, त्या दिवशी मी जे बोललो थे पिंडाचं नव्हतं जी. माहा शब्द चुकला. मुरलीले रोग होता. थोरल्याले भी तोच होता, तुमच्या भावाले भी तोच. दवाखान्यात छातीत मशीन बसोवतात, त्यानं मानूस वाचते. मी त्याले यंत्र म्हनलो.”

तिचे हात सुकटावर तसेच राहिले.

“आन आनखी एक सांगाचं आहे. हा रोग मायकडून येते. तुमच्याकडून आला, बाई. तुमचा त्यात काई दोष नाई, पन तुमच्याकडून आला. तुमच्या पोरीत असू शकते. म्हनून तिच्या पोराले पाहाचं आहे.”

मंदा आतून दारात येऊन उभी राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पार्बताबाईने सुकट बाजूला सारलं आणि विचारलं, “हे तुमाले तवाच मालूम होतं का जी? मुरली असताना?”

“होतं.”

“मंग काऊन नाई सांगतलं?”

“तुमाले लोकं बोलतीन म्हनून,” सर म्हणाले. “तुमाले दुःख होईन म्हनून.”

तिने नातवाला जवळ बोलावलं, मांडीवर घेतलं. हात पदराला पुसले, त्याची हनुवटी धरली आणि स्वतःच्या बोटाने त्याचं तोंड उघडून सरांसमोर धरलं. सरांनी पट्टी काढली. त्यांनी गालाच्या आतून हलकेच पेशी घेतल्या. पोराने आ मिटला आणि तो उड्या मारत कोंबडीमागे गेला.

ती त्याच्याकडेच पाहत होती. सरांकडे न बघता म्हणाली,

“बोलले असते लोकं, तं बोलू द्याचं होतं सर. मले दुःख झालं असतं, तं होऊ द्याचं होतं. पोरगं तं राह्यलं असतं ना जी.”